कचरापेटीशेजारी ठेवलेला वॉकर

मंडळी, आज मी बाळाचा एक चांगला दिसणारा वॉकर मोडला.

सध्या आखातात, अल खौदला दादा-वहिनीकडे मुक्काम आहे. सलालाहहून येताना, कायमचं भारतात परतणाऱ्या एका कुटुंबाने माझ्या पुतणीसाठी, आमच्या परीसाठी वॉकर दिला होता. बसमध्ये अख्खा रस्ता मांडीवर. वाटेत उंट काय दिसले... ते जाऊ दे.

आज सकाळी वहिनीने फोनवर वाचलं, काही वॉकर पायरीच्या कडेला थांबत नाहीत म्हणून कंपनीने परत मागवलेत. आमचा उलटा केला. स्टिकरवर बातमीतलाच मॉडेल नंबर! परी नुकतीच त्यातून उतरली होती.

दादा म्हणाला, "खलास. कचरापेटीशेजारी ठेव, कुणीतरी नेईल."

इथे आपण सगळे हेच करतो. मीही ठेवून आलो.

वहिनी दारातच उभी. "भाऊजी, नेणार कोण? ज्याच्या घरी बाळ आहे तोच ना?"

गुपचूप परत आणला. वहिनीने स्टिकरचा फोटो कंपनीला पाठवला, मी चाकं काढली, सीट कापली. सलालाहला फोन केला, तर त्यांनाही तो कुणीतरी दिलेला. कंपनीचा निरोप गेला असेल पहिल्या घरी, वॉकर पोचला तिसऱ्या.

तुमच्याकडचा कुणाकडून आलाय? आणि तुम्ही दिलेला आज कुणाच्या घरी फिरतोय?