कान झाकायला सांगणाऱ्या मनोरमाबाई

मनोरमाबाई खांबेटे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा मला वाटले, यांचा घसा बसला आहे. स्वातंत्र्य नुकतेच आले होते आणि त्या वर्षीची दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली होती. कल्याणच्या आमच्या मुलींच्या शाळेत सहायक शिक्षिका म्हणून माझा तो पहिला दिवस. बाई मुख्याध्यापिका होत्या. चौथीच्या वर्गात सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून त्या उभ्या होत्या आणि कुजबुजत्या आवाजात हजेरी घेत होत्या. मुलींनी मागे वळून बघायचे नाही, एवढाच नियम. मी नवखी आणि जरा पुढेपुढे करणारी. जवळ जाऊन हळूच म्हटले, "बाई, ज्येष्ठमध आणून देऊ का?"

"घसा ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "गप्प उभ्या राहा आणि कोण ओ देत नाही ते बघा."

एका मुलीने ओ दिली नाही. तिच्या दादाने तिच्या कानाशी फटाक्यांची माळ लावली होती. बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवले आणि संध्याकाळी स्वतः तिच्या घरी गेल्या. दादाची त्या दिवशी जी हजेरी घेतली गेली, ती मात्र कुजबुजत्या आवाजात नव्हती असे ऐकते.

दर दिवाळीनंतर ही अशी हजेरी, आणि दिवाळीआधी बोळे. मधल्या सुटीत आम्ही शिक्षिका कानांत घालायचे कापसाचे बोळे वळायचो, बाई त्यांना वितळलेल्या मेणाचा हात द्यायच्या आणि घरी जाताना प्रत्येक मुलीच्या हातावर दोन ठेवायच्या. सोबत सूचना असायच्या. बार लावणाऱ्यापासून लांब राहा, अरुंद गल्लीत थांबू नका, घरातले तान्हे मूल आतल्या खोलीत न्या, कान वाजू लागला तर त्यात तेल ओतू नका, डॉक्टरकडे जा. गावात त्यांना 'बोळेवाल्या बाई' म्हणत. खुद्द शिक्षिकाही कुरकुरत, कारण मेणाचे हात धुऊन निघत नाहीत. बाईंनी कुणाचे हसणे मनावर घेतले नाही आणि कुणाची कुरकुरही ऐकून घेतली नाही.

बाईंच्या साठीच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेख मागताना मला सुचवले होते की, जुन्या वादाचा उल्लेख शक्यतो टाळावा. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हे जमणार नाही. माणसाने ज्या गोष्टीसाठी किंमत मोजली तीच वगळायची आणि मग त्याला शाल पांघरायची, हा कसला गौरव? मी सगळे लिहिणार आहे.

आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गावातले बडे गृहस्थ. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. शाळेला जागा त्यांनीच दिली, हे मी नाकारत नाही. त्यांना उखळी बारांची भारी हौस. उखळ म्हणजे जाड, आखूड लोखंडी नळी. तीत दारू ठासून बत्ती दिली की आवाजाने छातीत धस्स होते. त्यांच्या घरचे लग्नकार्य बारांशिवाय झाले नव्हते. स्वातंत्र्याचे पहिले वर्ष पूर्ण झाले तेव्हा त्यांनी ते उखळ शाळेच्या पटांगणात आणवले आणि झेंडा वर जाताच बार उडवला. कुसुम नावाची सातवीतली मुलगी सगळ्यांत उंच, म्हणून ओळीच्या टोकाला उभी होती. उखळ तिच्या डाव्या हाताला होते. 'सावधान' म्हटल्यावर हलायचे नाही, हे आम्हीच तिला शिकवले होते. ती हलली नाही.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. रेल्वेच्या मालधक्क्यावर ते मुकादम होते. "बाई, पोरीच्या कानात रातकिडा बसलाय म्हनते," ते म्हणाले. "काय केल्या जात न्हाय."

बाई स्वतः तिला ठाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कानाची नस गेली, आता त्या कानाने ऐकू येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. परत आल्यावर बाईंनी कुसुमला स्वतःच्या खोलीत बसवले आणि माझ्यादेखत तिची माफी मागितली. "मी सावधान म्हटलं आणि तू उभी राहिलीस. चूक माझी होती," असे त्या बोलल्या. सातवीतल्या मुलीची मुख्याध्यापिकेने माफी मागितलेली मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिलेली नाही.

पुढच्या वर्षी झेंडावंदनाआधी बाई दादासाहेबांकडे गेल्या. बार उडवायचेच तर उखळ खाडीवर न्या, एवढेच त्यांचे मागणे होते. दादासाहेब हसले. "बाई, हे झेंडावंदन आहे, सुतक नव्हे. आमचा जन्म बारांत गेला, आम्हाला काय झालं?"

"मग मुलींच्या कानांचं मी बघते," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी झेंडा वर गेला, मुलींनी वंदन केले, उखळाला बत्ती लागली, आणि पटांगणभर बाईंचा खणखणीत आवाज घुमला, "कान झाका." सगळ्या मुलींचे हात एकदम कानांवर गेले. बार उडाला. हात खाली आले आणि मुलींनी राष्ट्रगीत सुरेल म्हटले. खुर्च्यांवरच्या पाहुण्यांचे चेहरे मात्र बघण्यासारखे झाले होते.

मंडळाने बाईंना जाब विचारायला बोलावले. मलाही साक्षीला उभे केले होते. आरोप होता झेंड्याच्या अपमानाचा. माफी लिहून द्या, नाहीतर मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडा, असे दादासाहेबांनी स्पष्ट सांगितले.

"झेंडा या मुलींचाच आहे," बाई म्हणाल्या. "त्याला वंदन करायला त्या आल्या होत्या, बहिऱ्या व्हायला नाही. ज्या मुलीची माफी मागायची होती तिची मी मागितली आहे. तुमची मागण्यासारखं माझ्याकडून काही झालेलं नाही."

बाईंची खुर्ची गेली. त्यांना चौथीचा वर्ग दिला आणि खुर्चीवर बसवले मला. मी सगळ्यांत नवी, नवरा आजारी, घर माझ्या पगारावर चालायचे. ही बाई मान वर करणार नाही, असा हिशेब मंडळाने केला असणार. चेहऱ्याने मी गरीब दिसते, हे खरे आहे.

नवी मुख्याध्यापिका म्हणून पहिल्यांदा चौथीत गेले तर मुलींबरोबर बाईही उभ्या राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "बाई, तुम्ही नका उठू," मी पुटपुटले. त्या तितक्याच हळू म्हणाल्या, "मुली बघताहेत. खुर्चीचा मान राखायचा असतो." वर्षभर त्यांनी मला एका शब्दाने टोचले नाही. फक्त झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "तुमची घरची अडचण मला ठाऊक आहे. उद्या तुम्ही गप्प राहिलात तरी मी रागावणार नाही."

त्या रागावणार नाहीत, याचाच मला राग आला. मी काय इतकी लेचीपेची वाटले?

दुसऱ्या दिवशी बत्ती पुढे झाली तेव्हा 'कान झाका' हा हुकूम मी दिला. माझा आवाज चिरकला, पण पोचला. मुलींचे हात कानांवर गेले, शिक्षिकांचे गेले, आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या आयांनीही पदराआडून कान झाकले. दादासाहेब माझ्याकडे बघत राहिले. दर वर्षी एक मुख्याध्यापिका काढायची तर गावात शिकलेल्या बायका पुरल्या नसत्या, हे त्यांना तिथेच उमगले असावे. त्यानंतर उखळ शाळेत आले नाही.

बाईंची खुर्ची मात्र परत आली नाही. मी ती सोडायला निघाले तेव्हा बाईंनीच मला अडवले. "तुम्ही उठलात तर ते तिसरीला बसवतील. बसून राहा," त्या म्हणाल्या. त्या चौथीच्या वर्गावरूनच निवृत्त झाल्या. कुसुम आता डोंबिवलीला नांदते. कुणी बोलू लागले की उजवा कान पुढे करते. दिवाळीत तिच्या मुलांच्या कानांत बोळे असतात, आणि ते अजून बाईंच्या हातचे असतात.

या ग्रंथाच्या पहिल्या पानावर बाईंच्या नावाखाली 'ज्येष्ठ शिक्षिका' असे छापायचे ठरले आहे. ते मला मान्य नाही. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि कुठलाही अपराध नसताना त्यांना खाली उतरवले गेले. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि निवृत्तीनंतरही गावातल्या मुलींच्या आणखी कित्येक पिढ्या त्यांच्या धाकात वाढोत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मंडळाची सगळी मंडळी सत्काराला व्यासपीठावर बसणार आहेत. त्यांनी त्या दिवशी बाईंची माफी मागावी. मोठ्याने बोलायला संकोच वाटत असेल तर हळू मागितली तरी चालेल. साठाव्या वर्षीही बाईंना उत्तम ऐकू येते.