ओटा बरोबर आहे!

स्वयंपाकघराचं काम काढलं की घरात दोन गोष्टी साचतात. धूळ आणि किस्से. धूळ निदान पुसता तरी येते. किस्से दर पाहुण्याला नव्याने सांगावे लागतात, आणि दर वेळी थोडे वाढतात!

आमचं कर्वेनगरमधलं घर सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तरुणपणी स्वतः नकाशा काढून बांधलं. नळ गळायला लागले, स्विचमधून ठिणग्या उडायला लागल्या, तेव्हा कुठे त्यांनी रिनोव्हेशनला परवानगी दिली. अट एकच. "मूळ डिझाइनला हात लावायचा नाही."

म्हणजे आंघोळ करा, पण अंग भिजवू नका!

*

आर्किटेक्ट सायली उत्साहाने म्हणाली, "आजोबा, ही भिंत पाडली की ओपन किचन होईल. स्पेस कशी मस्त फ्लो होईल बघा!"

आप्पांनी शांतपणे चष्मा पुसला. "फ्लो म्हणजे वाहणार ना? मग भिंत असलेलीच बरी."

*

कडाप्प्याचा ओटा सासूबाईंच्या उंचीने बांधलेला. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, ओटा तेवढाच राहिला. माझी कंबर रोज संध्याकाळी राजीनामा देते.

"आप्पा, ओटा बुटका पडतो हो."

"ओटा बरोबर आहे. मोजून घ्यायची राहिली ती सून!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. मंदार लॅपटॉपसमोरून म्हणाला, "मी म्यूटवर आहे." लग्नापासून आहे!

रविवारी भांड्यांच्या मावशी आल्या नाहीत. मी म्हटलं, "आप्पा, आज तुम्ही." कुकर झाला, पातेली झाली. कढईपाशी ते कंबर धरून सरळ झाले.

"चार इंच वाढवा," म्हणाले. "वर एक सूतही नाही."

*

कॉन्ट्रॅक्टर महादेव सागवानी कपाटांकडे बघून म्हणाला, "सायेब, ह्ये समदं जुनं हाय. काढून टाकू."

"मीही जुनाच आहे."

"तुमाला काढायला आमची मशीन न्हाई पुरायची!"

आप्पांनाही हसू आवरेना. पण दारं वाचली. आत नव्या ट्रॉल्या, बाहेर तीच दारं, त्याच पितळी कड्या.

*

ड्रिल सुरू झालं आणि शेजारच्या काकू दारात.

"आवाज फार होतो हो."

"सॉरी काकू, दुपारी बंद ठेवू."

"छे छे, दुपारीच चालू ठेवा! आमच्याकडचे पाहुणे हलत नाहीयेत."

*

मग ओट्याची फरशी उचलायचा दिवस आला. तडकली असती तर तशी दुसरी मिळणार नव्हती. चार माणसांनी हात घातला, "सावकाश, सावकाश" म्हणत आप्पा अंगणात निघून गेले. फरशी विटांच्या नव्या थरावर नीट बसली, तेव्हा मी बाहेर जाऊन सांगितलं, "आप्पा, सुखरूप आहे."

"मला काय सांगतेस? दगड आहे तो!"

सकाळपासून ते जेवले नव्हते. संध्याकाळी त्याच ओट्याशी उभं राहून त्यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं.

*

काम संपलं. भिंत तीच, खिडकी तीच, ओटा तोच. पहिली पाहुणी म्हणून आप्पांची धाकटी बहीण, शरयूआत्या, नाशिकहून आली. एरवी ती दारात दिसली की आप्पा परतीच्या बसची वेळ विचारतात.

आत्या स्वयंपाकघरात सगळीकडे फिरली. ओट्यावरून हात फिरवला, कपाटाची कडी वाजवून पाहिली. सायली मुद्दाम ऐकायला आली होती. मंदारने चक्क लॅपटॉप मिटला.

आत्या म्हणाली, "वहिनीनंतरही छान ठेवलंयत गं सगळं. बरं, ते काम काढणार होतात, ते कधी सुरू करताय?"

सायलीचा चेहरा पडला. मी भिंतीला टेकले.

आप्पा खुर्चीतून उठले. "शरयू," ते म्हणाले, "आज राहा गं. घाई काय आहे?"