‘सगळं पाठव’ असं मीच म्हणालो होतो

ती घटना आठवली की आधी माझाच आवाज कानात येतो. “पाठव सगळं. अर्धवट माहितीवर तपास होत नसतो.”

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती बाई मुलीला घेऊन उल्हासनगर कॅम्प पाचमधून बाहेर पडली होती. न्यायालयाचा संरक्षण आदेश तिच्याकडे होता. कुळगावात खोली घेऊन ती शिलाई करायची, ऑर्डरी मोबाईलच्या अ‍ॅपवर यायच्या. खोलीचा पत्ता दोनच ठिकाणी ठाऊक होता : अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या तिच्या बहिणीला आणि आमच्या पोलीस ठाण्याला. दर सोमवारी ती खुशाली सांगून जायची.

एके दिवशी दुपारी तिच्या इमारतीखालच्या पिठाच्या गिरणीवाल्याचा फोन आला. एक माणूस तासभर समोर उभा आहे आणि शिलाईवाल्या बाईची मुलगी शाळेतून कधी येते ते विचारतोय. बीटचे दोन अंमलदार धावले. तो नवराच निघाला. मुलगी शाळेतून यायला वीस मिनिटं उरली होती.

आदेशाचा भंग केला म्हणून गुन्हा दाखल झाला. पण पत्ता फुटला कुठून? माझ्या अनुभवात पत्ता घरातूनच फुटतो, म्हणून मी बहिणीला बोलावून घेतलं. दोन तास तिला तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. शेवटी ती रडत म्हणाली, “साहेब, माझ्या मिस्टरांना पण नाय सांगितलं ती कुठे राहते ते.” बाजूच्या बाकावर ती बाई बसली होती. तिने बहिणीकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. सासर तुटलेल्या त्या बाईला एवढं एकच माहेर उरलं होतं, आणि तेही मी तोडत होतो.

संध्याकाळी नवरा बोलता झाला. “कुणी नाय बोललं, साहेब. तिचा जुना नंबर नेटवर टाकत राहायचो. एक दिन मिल गया.” त्याच्या मोबाईलवर शिलाईच्या अ‍ॅपचं तक्रारींचं पान उघडं होतं, कुणालाही वाचता येणारं. अ‍ॅप वारंवार बंद पडतं, अशी त्या बाईची तक्रार होती आणि खाली लॉगची फाईल जोडलेली होती. अ‍ॅप काय काय करतं याची ही आपोआप होणारी नोंद, आमच्या स्टेशन डायरीसारखी. तिने सिम बदललं होतं, पण अ‍ॅपमधलं खातं जुन्याच नंबरावर होतं. त्या नंबरासोबत कुळगावातल्या खोलीची जागा ओळीओळीला नोंदलेली होती.

आमच्या महिला शिपायाने फाईल वाचून सांगितलं, “सर, ही आधी उघडून बघायची असते. नंबर, लोकेशन खोडायचं आणि कंपनीलाच खासगीत पाठवायची. तेही त्यांना जेवढी लागते तेवढीच.”

मी तक्रारीची तारीख पाहिली. सोमवार होता. त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, “साहेब, कंपनीवाले लॉग मागतात. त्यात काय असतं ते कळत नाही. पाठवू का?” तिला शंका आली होती. केसचे कागद पूर्ण हवेत या सवयीने, समोरच्या फाईलवरून मान वर न करता, मी उत्तर दिलं होतं.

दोघी बहिणींना समोर बसवून मी हे सांगितलं आणि माफी मागितली. त्या बाईने बहिणीचा हात धरला.

फाईल पानावरून काढायला लावली, खातं बंद केलं. पण एकदा पाहिलेलं पुसता येत नाही. तिला खोली सोडावी लागली, मुलीची शाळा बदलावी लागली. मागणाऱ्याला नेमकं किती लागतं हे विचारल्याशिवाय काही देऊ नये, हे मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर शिकलो, आणि त्याची किंमत तिने मोजली.

नवा पत्ता नोंदवायला ती आली तेव्हा हवालदाराने रजिस्टर उघडलं. तिने त्यावर हात ठेवला.

“साहेब, हे कोण कोण वाचणार?”

इतक्या वर्षांत हजारो पत्ते लिहून घेतले, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी हवालदाराला पेन खाली ठेवायला सांगितलं आणि आधी उत्तर शोधायला उठलो.