शेंडीचा तारा आणि नायट्रोजनचं भांडं

तेलगावचा माऊली गावोगाव फिरून गायी-म्हशी भरवतो, म्हणजे कृत्रिम रेतन करतो. मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचं भांडं बांधलेलं असतं, त्यात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. लोक त्याला डॉक्टरच म्हणतात. त्याचा छंद मात्र निराळा, रिळाच्या कॅमेऱ्यानं आभाळाचे फोटो काढायचा. बीडमधला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकानं कॅमेरा आणि उरलीसुरली रिळं त्याला देऊन टाकली होती.

त्या वर्षी दसऱ्यानंतर पश्चिमेला शेंडीचा तारा, म्हणजे धूमकेतू, दिसू लागला. माऊलीनं लगेच फोटो घेतला, पण रीळ धुतल्यावर नुसता ठिपका निघाला. शेपटी नाहीच. अंधुक उजेडात शटर जितका वेळ उघडं ठेवावं तितकी फिल्म मंदावत जाते, हे त्याला ठाऊक होतं. तिच्यातली ओल आणि हवा काढून, कोरड्या नायट्रोजनमध्ये हलकी ऊब दिली तर ती पुन्हा तरतरीत होते, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. नायट्रोजन तर रोज त्याच्या पाठीमागंच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कडब्याच्या खोलीत शिरला. आतून कडी लावली, फटींत गोणपाट कोंबलं. फिल्म सैल करून स्टीलच्या डब्यात घालायची होती, त्यासाठी मिट्ट काळोख हवा. नायट्रोजनही त्यानं थर्मासमध्ये भरून आतच घेतला. बाहेर ओट्यावर त्याची बायको सुकन्या लसूण सोलत बसली होती. दिवाळीला भाऊ येणार, त्याला काय काय करायचं, हे ती दाराबाहेरूनच सांगत होती आणि आतून हूं हूं येत होतं.

फिल्म डब्यात गेली, झाकण घट्ट बसलं, आणि वळताना त्याच्या कोपरानं थर्मास आडवा झाला. नायट्रोजनला ना वास, ना रंग. लहानशा कोंडलेल्या खोलीत त्याची वाफ झाली आणि श्वास घेण्याजोगी हवाच उरली नाही. माऊलीला काही कळायच्या आत त्याचे पाय लुळे पडले.

हूं थांबलं तशी सुकन्यानं हाक मारली. परत मारली. मग तिनं लसणाचं सुपडं बाजूला सारलं आणि दाराला खांदा दिला. कडीचे खिळे जुने होते, ते निघून आले. तिनं त्याला काखांत धरून अंगणात ओढलं. त्याची म्हातारी आई साखराबाई धावत आली, तोंडावर पाणी मारू लागली. जरा वेळानं माऊलीनं मोठा श्वास घेतला, खोकला आणि डोळे उघडले. सुकन्या तिथंच मातीत बसली.

साखराबाई तो डबा उकिरड्यावर फेकायला निघाली होती. सुकन्यानंच तिला थांबवलं. दवाखान्यातून परत आल्यावर, काही धोका नाही हे कळल्यावर, तिनं नवऱ्याला विचारलं, की अंधार नेमका कशाला लागतो. फक्त फिल्म डब्यात घालायला, तो म्हणाला.

"मंग गॅस आत कशापायी नेला? अंगणात भरा की. आन् दाराला कडी लावायची न्हाई, मी बसते बाहीर."

पुढं सगळं उघड्यावर झालं. झाकणातल्या नळीनं डब्यात नायट्रोजनची वाफ सोडली, कोमट पाण्याच्या पातेल्यात तो डबा ठेवला, आणि पाणी गार झालं की सुकन्या गरम घालत राहिली. दोन-तीन दिवसांनी ती फिल्म अंधारात कॅमेऱ्यात घालून सूर्य बुडताना दोघं लिंबागणेशजवळच्या माळावर गेले. बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्यांवर कॅमेरा बसवला होता. ताऱ्यांच्या चालीनं तो वळावा म्हणून माऊली खालचा स्क्रू हळूहळू फिरवत राहिला. सुकन्या त्याच्याकडंच बघत होती, आभाळाकडं कमी.

रीळ धुऊन त्यानं उजेडात धरलं. ठिपक्यापासून एक लांब, झिरझिरीत शेपटी निघाली होती, अगदी फ्रेमच्या कडेपर्यंत. माऊलीनं रीळ तिच्या हातात दिलं.

"लई ग्वाड आलंय," ती म्हणाली. आणि मग त्या दुपारनंतर पहिल्यांदाच दोघंही निवांत जेवली.