बारवेवरचं बसणं

घरोघरी नळ आले तरी आमच्या गावच्या बायकांचं बारवेवर जाणं थांबलं नाही, आणि ते का थांबलं नाही हे पुरुषांना कधी कळलं नाही. त्यांना वाटायचं, बायांची जुनी खोड. दुपारची भांडी आवरली की एकेकजण रिकामी कळशी कमरेवर घेऊन निघायची. कळशी हे निमित्त होतं. हात हलवत निघालं तर दारादारातून "कुठं चालली व?" असा प्रश्न येतो, आणि "बसाले" हे उत्तर आमच्याकडे बाईमाणसाच्या तोंडी शोभत नाही. पाण्याला गेलेल्या बाईला मात्र कोणी काही विचारत नाही.

बारव गावाच्या खालच्या अंगाला, साखरखेर्ड्याच्या रस्त्यापासून थोडी आत. काळ्या दगडाची, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेली. मावळतीकडच्या पायऱ्यांवर दुपारनंतर सावली येते. तिथं आम्ही बसायचो. कोणी वरच्या पायरीवर, कोणी खालच्या, एकीचे गुडघे दुसरीच्या पाठीला लागलेले. कोणी अंबाडी निवडतेय, कोणी कोणाचे केस विंचरतेय, आणि गावातल्या यच्चयावत माणसांचा समाचार घेणं चाललेलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पोरांना 'गप्प बसा' म्हणत आले. पायरीवर गेले की मला कोणी गप्प करू शकत नसे.

निवृत्त झाल्यावर आणि हे गेल्यावर मला त्या पायरीची फार गरज लागली. मुलगा पुण्याला. रविवारी फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो, मी हो म्हणते, आणि बोलणं संपतं. पोर वाईट नाही. त्याला पुढचा प्रश्न सुचत नाही, एवढंच. बाकी दिवसभर घरात टीव्ही बोलतो. दिवस उगवला की मी दुपारची वाट पाहायला लागायचे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यातही वाट असायची ती एकीची. ती अंगणवाडीत सेविका होती, माझ्या थोडी आधी निवृत्त झाली. सगळं गाव तिला ताई म्हणतं, मीही म्हणते, आणि ती मला बाई म्हणते. ती बौद्धवाड्यातली. तिची आई याच बारवेच्या वरच्या काठावर घागर ठेवून उभी राहायची, कोणाला दया आली तर तो पाणी ओतायचा. ताई नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा आली तेव्हा अगदी वरच्या पायरीवर, जाणाऱ्या माणसासारखी बसली. मधल्या पायरीपर्यंत यायला तिला काही वर्षं लागली, आणि सरकून जागा द्यायला आम्हालाही. त्याचा कोणी ठराव केला नाही. एके दिवशी तिची पाठ माझ्या गुडघ्याला लागली आणि दोघींपैकी कोणीच सरकलं नाही, झालं.

ती माझ्या घरी येत नव्हती असं नाही. यायची, ओसरीवर टेकायची, चहा घ्यायची, पण तिचं अर्धं लक्ष शेजारी माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, दाराकडे असायचं. मी तिच्याकडे गेले की ती मला खुर्ची द्यायची, स्वतः चौकटीला टेकून उभी राहायची, आणि सून धावत जाऊन बिस्किटं आणायची. घर म्हटलं की ते कोणाचंतरी असतं. पायरी कोणाचीच नव्हती. म्हणून आमच्या खऱ्या गप्पा तिथंच व्हायच्या.

मग दुसरबीडकडून मोठा रस्ता झाला, गाड्या वाढल्या, आणि कोणाच्यातरी ध्यानात आलं की आमची बारव सुंदर आहे. शहरातली माणसं येऊन कठड्यावर उभी राहून फोटो काढू लागली. पाठोपाठ पर्यटन विकासाचा आराखडा आला आणि त्यासाठी ग्रामसभा बोलावली गेली. आराखडा गावाच्या सहभागातूनच मंजूर होणार, असं भोंग्यावरून गावभर सांगत होते.

मी कामाला लागले. बायकांना पायरीवरच सांगितलं, "कुंपण घालू द्या, दिवे लावू द्या, पण मावळतीची बाजू आपल्यासाठी मोकळी ठेवा म्हणून सांगायचं." सगळ्या हाव म्हणाल्या. बोलायचं कोणी, यावरही एकमत लगेच झालं. "बाई, तुमीच बोला. आमी मांगं हाओतच."

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरते. पारावर गावच्या सुना चढत नाहीत, वर सासरे-भासरे बसलेले असतात. आम्ही खाली, लिंबाच्या बुंध्याशी उभ्या. आमची सरपंच बाई आहे, पण तीही गावची सूनच, म्हणून ती आमच्यात उभी आणि तिचा नवरा वर खुर्चीत. याचं गावात कोणाला हसू येत नाही. मला दरवेळी येतं.

तालुक्याहून आलेले साहेब तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी आराखडा वाचून दाखवला. दगडी फरशी, हिरवळ, तिकीटघर, गाड्या लावायची जागा. पारावरच्या मंडळींनी हात वर केले. साहेब मनाचे खरंच सरळ असावेत, कारण ते मुद्दाम आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "भगिनींना मान्य आहे ना?"

त्यांच्याबरोबर सगळा पार आमच्याकडे वळला. सासरे, चुलतसासरे, भासरे, सगळ्यांचे डोळे एकदम खाली आमच्यावर. झालं! आमच्यातल्या बहुतेकजणींचे पदर पुढे आले आणि माना खाली गेल्या.

"छान," साहेब म्हणाले. "महिलांचीही एकमुखी संमती."

आमच्याकडे दुधपित्या लेकराला कळतं की सुनेची मान खाली गेली म्हणजे ती हो म्हणत नाही, समोर मोठं माणूस आहे एवढंच. साहेब बाहेरचे, त्यांना कसं कळावं? पण पारावर बसलेल्या एकालाही ते त्यांना सांगावंसं वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

दोनच माना वर होत्या. एक ताईची. ती या पारावरच्या कोणाचीच सून नव्हती. दुसरी माझी. पदर तेवढा डोक्यावर घेतला होता.

"साहेब, संमती नाही," मी म्हणाले. "मावळतीकडच्या पायऱ्या आम्हाला मोकळ्या पाहिजेत."

"पाण्यासाठी का, काकू? आता तर घरोघरी नळ आहेत."

"पाण्यासाठी नाही. बसायला."

पार हसला. माझे भासरे मोठ्यानं म्हणाले, "बसाले घरं नाहीत का बायांले?"

"घरात बसनं येगळं, दाजी," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माह्या मायले त्या पायरीवर पाय ठेवू देला नाही. मले बसाले भेटलं. ते ठेवा, एवढंच म्हनणं हाय."

हसणं थांबलं. साहेब गडबडले, त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि आमच्याकडे पाहून अगदी मनापासून म्हणाले, "काकू, तुमची सूचना चांगली आहे. आपण बसायला बाक लावू."

आणि खरोखर लावले. शब्दाचा पक्का माणूस! स्टीलचे, एका ओळीत, जमिनीत पक्के बसवलेले, सगळ्यांची तोंडं बारवेकडे. त्या बाकांवर दोघी बसल्या तर दोघींना पाणी दिसतं, एकमेकींची तोंडं दिसत नाहीत. पायऱ्यांवर दोर बांधला, चौकीदार बसवला. गावकऱ्यांना तिकीट नाही, पण भांडीकुंडी आत न्यायची नाहीत, पाणी खराब होतं म्हणून.

कळशी बंद झाली आणि तिथंच सगळं संपलं. रिकाम्या हाताने बाई दुपारची घराबाहेर पडणार कशी? सुरुवातीला काहीजणी आल्या, बाकावर ओळीने बसल्या, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा. मग त्याही येईनाशा झाल्या. ताई आणि मी काही दिवस फोन केले. फोनवर ती म्हणायची, "बरं हाय का?" मी म्हणायचे, "बरं आहे." माझ्या पोरासारखीच आमचीही गत झाली. दुपारी मी ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहायला लागले, आणि संध्याकाळ व्हायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवसांत कळलं. फार एकटी पडले मी. गावात, भर वस्तीत, माणसांनी भरलेल्या आळीत.

पुढच्या हिवाळ्यात देखभाल समितीच्या मंडळींना नवीन कल्पना सुचली. पाहुण्यांना जुनं गाव बघायला आवडतं, तर सुट्टीच्या दिवशी दोन बायांनी नऊवारी नेसून, पितळी घागरी घेऊन पायऱ्यांवर बसावं. समितीचा माणूस माझ्याकडे आला. मला राग यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर दोन बाया म्हणजे ताई आणि मी.

मी तिच्याकडे गेले. तिने खुर्ची दिली. मी सांगितलं. 

"माही माय काठावर घागर घेऊन उभी राहे, बाई," ती म्हणाली. "ते काय सोंग नव्हतं. तुमी जा. मले नका म्हनू."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिला विचारायलाच नको होतं हे मला चौकटीतून बाहेर पडतानाच उमजलं. तरीही मी त्या माणसाला हो म्हणाले. पायरी पाहिजे होती मला, कशीही.

दुसरी बाई मिळाली, पण तिला समोरच्या बाजूला बसवलं, फोटो दोन्हीकडून भरलेला दिसावा म्हणून. मधे सगळी बारव. मी माझ्या जुन्या जागी, मधल्या पायरीवर, पितळी घागर घेऊन बसते. आत पाणी नसतं. दगड तोच आहे, सावलीही तशीच येते. गुडघ्यांपुढची पायरी तेवढी रिकामी.

एका रविवारी ताई आली. सुट्टीला आलेली नातवंडं बारव पाहायची म्हणून हट्ट धरून बसली असणार. पोरं दोराशी पळत गेली आणि ती बाकावर बसली, बरोबर माझ्या समोर. मी हसले. तीही हसली. एवढं बोलायचं साचलं होतं माझ्यापाशी! मी उठणार तोच एक पाहुणा मोबाइल धरून दोरापाशी आला.

"काकू, उठू नका, छान दिसतंय. फक्त मान थोडी खाली घ्या."

मी मान खाली घातली. वर केली तेव्हा बाकावर कोणी नव्हतं.