आमच्या वाचनगटातली मोडकी मराठी

नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली आणि आम्ही दुर्गापुऱ्यात राहायला आलो. सांगलीहून आणलेल्या सामानात एक खोकं फक्त एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांचं होतं. लेखकाचं नाव इथे मुद्दाम सांगत नाही. नाव काढलं की लोक पुस्तक न उघडताच मत देतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी शाळेत असताना त्यांची पहिली कादंबरी वाचली आणि तेव्हापासून त्यांच्या माणसांशी मनातल्या मनात भांडत आले.

जयपुरात त्यांच्याविषयी बोलायला कोणी मिळेना. मराठी मंडळात हळदीकुंकू होतं, गणपती होता, वड्यांचा स्टॉल होता. पुस्तकाचा विषय काढला की बायका म्हणायच्या, "अगं, वेळ कुठाय वाचायला?" शेवटी गणपतीच्या आरतीनंतर मी माइक मागून घेतला आणि सांगून टाकलं, की या लेखकाच्या वाचकांसाठी मी फोनवर एक गट काढतेय. महिन्याला एक कादंबरी, आणि शेवटच्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर यायचं.

घरी येताना नवरा म्हणाला, "चार दिवसांत त्याचा गुड मॉर्निंगचा गट होईल बघ."

"होऊ देणार नाही," मी म्हटलं.

आणि नाही होऊ दिला. फुलांची चित्रं, देवांचे फोटो, मधुमेहावरचे काढे, काहीही आलं की मी काढून टाकायचे आणि पाठवणाऱ्याला वेगळं लिहायचे, "राग मानू नका, इथे फक्त कादंबरी." काहींनी राग मानलाच आणि ते गेले. उरले ते वाचणारे होते. छावणीत राहणाऱ्या दोघीजणी होत्या, नवरे सैन्यात असलेल्या. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका होते. काकांचं वाचन दांडगं. कुठल्या प्रसंगाआधी कुठला प्रसंग येतो हे ते पुस्तक न बघता सांगायचे.

आणि मुरलीपुऱ्याची एकजण होती. तिचा जन्म जयपूरचाच. नवरा-बायको मिळून लोखंडी कपाटांचा लहानसा कारखाना चालवायचे. तिने आधीच विचारलं होतं, "ताई, मला मराठी वाचायला येते, लिहायला बरोबर नाही येत. राहू का ग्रुपमध्ये?" मी लिहिलं, "जरूर राहा."

दुसऱ्याच महिन्यात ठिणगी पडली. त्या वेळच्या कादंबरीतली थोरली बहीण वडील अंथरुणाला खिळलेत हे कळूनही माहेरी येत नाही. सगळ्यांनी तिला पाषाणहृदयी ठरवलं होतं. मुरलीपुऱ्याच्या बाईंनी लिहिलं, "मोठी बहीण गलत नव्हती. घरात तिला कधी कोणी पूछलेच नाही. मतलब, ती का आली पाहिजे?"

काकांनी तिचं वाक्यन्‌वाक्य दुरुस्त करून खाली टाकलं. शिवाय लिहिलं, "ज्या लेखकाच्या भाषेसाठी आपण जमलो, त्याच्यासमोर तरी मराठीची अशी दशा करू नये."

थोड्याच वेळात ती गट सोडून गेली.

मी काकांना फोन लावला. "काका, यापुढे गटात कोणी कोणाची भाषा सुधारायची नाही. हा नियम आहे."

"मग मराठीचा गट कशाला म्हणता? खिचडी म्हणा!"

"म्हणेन. पण नियम राहील."

"म्हणजे तुम्हाला आमची गरज नाही."

"तुमची गरज आहे, काका. म्हणूनच फोन केला. पण तिचीही आहे."

काका गटातून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर आणखी काहीजण गेले. त्यांच्याइतकं बारकाईने वाचणारं गटात दुसरं कोणी नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. नियम मागे घ्यावा असं मात्र एकदाही वाटलं नाही.

मुरलीपुऱ्याच्या बाई फोन उचलेनात. शनिवारी मी रिक्षा केली आणि पत्ता विचारत विचारत त्यांच्या कारखान्यात जाऊन उभी राहिले. रंगाचा वास, पत्रा कापल्याचा आवाज.

"ताई! इतक्या लांब क्यों आलात?"

"तुम्ही फोन उचलत नाही म्हणून."

ती हसली आणि मला वर घरी घेऊन गेली. वर तिची आई खुर्चीत बसली होती. वर्ध्याची माहेरवाशीण, लग्न होऊन जयपूरला आलेली. नजर अधू झाली तेव्हापासून लेक तिला कादंबऱ्या वाचून दाखवायची.

"माझ्या उच्चारांवर हसते," लेक म्हणाली. "पण ऐकते."

"अन् चुकीचं बोलते ते थोरलीबद्दल," आई, म्हणजे आता आमच्या काकू, एकदम म्हणाल्या. "बाप मरायला टेकला अन् पोरगी येत नाही? काहून?"

"आई, पण तिला..."

दोघी माझ्यासमोर भांडायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा. हे सगळं उद्या कॉलवर बोला. दोघी या."

रविवारी पडद्यावर मोजकेच चेहरे होते. लेकीने थोरलीचा तो प्रसंग अडखळत वाचला. एका शब्दावर अडली, तेव्हा काकूंनी तो हळूच सांगितला. मग छावणीतल्या एकीने विचारलं, "काकू, तुम्हाला थोरलीचा इतका राग का?"

काकूंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "माझे वडील गेले तेव्हा मले जायचं होतं. सासऱ्यांनी धाडलं नाही. या थोरलीला तर कोणी अडवलं नव्हतं."

लेक वळून आईकडे बघत राहिली. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाही."

लेकीने आईचा हात हातात घेतला. मग काकूच म्हणाल्या, "पुढचं वाच. पुढे तो धाकटा भाऊ येते न घरी, तो मले आवडते." लेकीने डोळे पुसले आणि पान उलटलं.

त्यानंतर गटात माणसं हळूहळू वाढली. कोणी लिहितं, कोणी आवाज रेकॉर्ड करून पाठवतं, कोणी हिंदीतून सुरू करून मराठीत येतं. काकांना मी दर महिन्याला नव्या कादंबरीचं नाव कळवते. ते निरोप वाचतात, हे फोनवरच्या निळ्या खुणांवरून दिसतं. उत्तर येत नाही. मी कळवायचं सोडणार नाही.

या महिन्याची निवड काकूंची. त्यांनी सगळ्यांत जाड कादंबरी काढली. छावणीतली एकजण कुरकुरली, "ताई, ही एका महिन्यात कशी व्हायची?"

"दोन महिने घेऊ," मी लिहिलं, "पण पूर्ण वाचायची."