चार परस पाण्याखालचं घड्याळ

लातूरच्या एका क्लासमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवतो. मापनाचा धडा आला की मुलं जांभया द्यायला लागतात, म्हणून त्या दिवशी मी पुस्तक मिटून घड्याळांच्या गोष्टी सांगतो. चंद्राकडे निघालेलं एक यान वाटेत बिघडलं. वीज वाचवायची म्हणून आतली यंत्रं बंद केलेली, आणि परतीची वाट सुधारण्यासाठी इंजिन बरोबर चौदा सेकंद चालवायचं होतं. ते चौदा सेकंद एका माणसाने आपल्या मनगटावरच्या घड्याळात मोजले. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल देव जाणे, पण ‘चौदा’ म्हणताना माझा आवाज अजूनही कापतो.

मग येतं जगातलं सगळ्यात उंच शिखर. तिथं पहिल्यांदा पोचलेल्या माणसाच्या हातात नेमकं कोणतं घड्याळ होतं, यावर दोन कंपन्या कितीतरी वर्षं आपापलाच हक्क सांगत आल्या. त्यानंतर समुद्र पोहणारी एक बाई. थंडगार पाण्यात गळ्यात घड्याळ अडकवून ती दहा तासांहून जास्त पोहली. त्या खेपेला तिला किनारा गाठता आला नाही, अर्धमेल्या अवस्थेत नावेत ओढून घ्यावं लागलं, घड्याळ मात्र चालू होतं. लोक ही गोष्ट सांगताना तिला घड्याळासकट पैलतीरी नेऊन सोडतात. मी हसून म्हणायचो, लोकांना अर्धवट पोहलेली बाई चालत नाही. आणि मग खडू खाली ठेवून मी चौथी गोष्ट काढायचो, ती माझ्या वडलांच्या, आबांच्या घड्याळाची.

आमचं गाव हदगावजवळ. आबा शेती करायचे, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते बुडीसाठी. विहिरीतली मोटार सुटून तळाला गेली की लोक त्यांना बोलवायला यायचे. कमरेला दोर बांधून आबा पाण्यात उतरायचे, तळाशी चाचपडत मोटारीला साखळी अडकवायचे आणि वर यायचे. पाण्याखाली दिसत काहीच नाही, सगळं हाताने ओळखायचं. आमच्याकडे विहिरीचं पाणी परसात मोजतात. परस म्हणजे एका उभ्या माणसाची उंची. आबा चार-चार परस पाण्याखाली जायचे, आणि मनगटावर लग्नात मिळालेलं चावीचं घड्याळ.

बुडी चालू असताना आम्हा पोरांना विहिरीजवळ फिरकू देत नसत. एखाद्याचा पाय घसरला तर एकाच्या जागी दोघांना काढायची वेळ यायची. म्हणून मी लांब बांधावर बसून राहायचो, तिथून मोठ्या माणसांच्या आणि मायच्या नुसत्या पाठी दिसायच्या. बऱ्याच वेळाने आबा यायचे, केसांतून पाणी निथळतंय, धोतर अंगाला चिकटलंय आणि मनगटावर घड्याळ. मी धावत जाऊन त्याला कान लावायचो. टिकटिक चालूच. गावातली मोठी माणसंसुद्धा कौतुकाने बघायची. ‘चार परस खाली जाऊन आलं, पण थांबलं न्हाई गड्या!’ पुढे चाराचे पाच परस झाले. एकदा आठसुद्धा ऐकले. आमच्या भागात तेवढं पाणी असलेली विहीर नाही, पण आठ म्हणणाऱ्याला कुणी अडवलं नाही. मीही नाही.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून घड्याळ लातूरला माझ्या कपाटात असतं. मापनाच्या दिवशी मी ते वर्गात नेतो. या वर्षीही नेलं. गोष्ट संपली आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. बिलोलीची, हॉस्टेलवर राहून शिकणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

‘‘सर, ते जवळून बघू का?’’

मी मोठ्या ऐटीत दिलं. तिने उलटं करून पाहिलं, चावीपाशी नख लावलं आणि म्हणाली, ‘‘सर, राग येऊ देऊ नका. पण हे पाण्यात गेलेलं न्हाई. चावीपाशी रबर न्हाई, मागचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं हाय. चार परस खाली दाब किती व्हतो ते तुम्हीच तर शिकवलंय.’’

राग येऊ देऊ नका म्हटलं की मला हमखास येतो. ‘‘तुला गं काय कळतं घड्याळातलं?’’ मी सगळ्या वर्गासमोर खेकसलो.

‘‘माझे पप्पा घड्याळं दुरुस्त करतेत, सर. बिलोलीला.’’

वर्ग हसला. मला की तिला, कळलं नाही, पण लागलं मला. त्याहून वाईट हे की तिचं गणित बरोबर होतं. चार परस म्हणजे सात मीटर, तिथला दाब मी फळ्यावर स्वतः काढून दाखवला असता. इतकी वर्षं मी दाबाचं गणित आणि आबांची गोष्ट एकाच तोंडाने सांगत आलो होतो, आणि दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. आता प्रश्न घड्याळाचा उरला नव्हता. माझे आबा थापा मारत होते का, एवढाच उरला होता. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मला अन्न गोड लागेना.

दसऱ्याच्या सुट्टीत पहाटेची एसटी धरली. नांदेडला उतरलो, तिथून बिलोली. माझ्या मनात होतं की तिच्या वडलांकडूनच वदवून घ्यायचं, घड्याळात पाणी जाऊन सुकलंय म्हणून. आणि मग त्या मुलीला वर्गात सांगायचं, विचार जा तुझ्या पप्पांना. इतका मी हट्टाला पेटलो होतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हे शोभत नाही, हे मला बसमध्येही कळत होतं.

दुकान कसलं, जिन्याखालची एक काचेची पेटी. त्या गृहस्थांनी मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला, डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण उघडलं. बराच वेळ आत पाहिलं.

‘‘सर, एवढं जुनं घड्याळ इतकं कोरडं मी तर पाहिलं न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘गंजाचा ठिपका न्हाई की डाग न्हाई. पाण्यात घातलं असतं तर एका बुडीत मेलं असतं. लई जपलंय कुणीतरी.’’

त्यांनी तेल दिलं, झाकण बसवलं आणि काच पुसायला घेतली. काचेवर बाराच्या आकड्यावर एक लाल ठिपका होता. मी लहानपणापासून पाहत आलेला. मोटारीचा रंग उडाला असेल असं मी धरून चाललो होतो. ‘‘हे काय चिकटलंय? काढू का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘काढा,’’ मी म्हणालो. माझं लक्षच नव्हतं. त्यांनी नखाने खरवडून, पेट्रोलच्या बोळ्याने काच लख्ख करून दिली.

हदगावच्या बसमध्ये मी आठवून आठवून दमलो. ‘मी घड्याळ घालून बुडी मारतो’ असं आबा स्वतःच्या तोंडाने कधी म्हणाले होते का? एकही वेळ आठवेना. लोक बोलायचे, आबा हसायचे आणि घड्याळाला चावी द्यायचे. पण नाही म्हणालेलेही आठवत नव्हते. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणंच की, असं एकदा वाटायचं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची.

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. माय अंगणात सोयाबीन पाखडत बसली होती. पाणी पिऊन होताच मी घड्याळ तिच्यापुढे धरलं आणि सरळ विचारलं, ‘‘माय, आबा हे घालून पाण्यात जायचे का?’’

मायने सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि घड्याळ घेतलं. माझ्या प्रश्नाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने ते उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, अंगठ्याने काच चाचपली.

‘‘ठिपका कुठं गेला?’’

‘‘कसला ठिपका?’’

‘‘कुंकवाचा. मेण लावून त्यावर बसवला व्हता मी.’’

मला काहीच उमगेना. माय निरक्षर आहे. तिला घड्याळ कळत नाही, आम्ही लहानपणी त्यावरून तिची थट्टाही करायचो. किती वाजले म्हणून तिला मुद्दाम विचारायचो आणि ती सूर्याकडे बघून सांगायची.

‘‘घड्याळ पाण्यात कशाला जाईल?’’ ती म्हणाली. ‘‘ते माझ्या हातात असायचं. तुझे आबा उतरायच्या आधी काढून माझ्या हातात द्यायचे. हा बारीक काटा पळतो ना, तो ठिपक्यापासून निघाला की फेरी सुरू. पुन्हा ठिपक्याला आला की एक. दोन झाल्या की ओढा म्हणायचं. दोनच्या वर त्यांचा दम टिकत नव्हता.’’

मी खालीच बसलो, त्या सोयाबीनच्या शेजारी.

माय सांगत गेली. आधी ज्याची मोटार त्याच्या घरचा माणूस घड्याळ धरायचा. एकदा आबा खाली असताना अशाच एकाने बिडी पेटवायला घड्याळ खिशात टाकलं आणि गप्पांत विसरून गेला. आबांचा पाय पाइपात अडकला होता. त्यांना वर काढलं तेव्हा ते काळेनिळे पडले होते. मी तेव्हा पाळण्यात होतो. त्या दिवसापासून आबांनी अट घातली, घड्याळ बायको धरील, नाहीतर मी उतरणार नाही.

‘‘माणसं नाराज व्हायची,’’ माय म्हणाली. ‘‘बाईमाणसाचं इथं काय काम म्हणायची. एकदा दोन फेऱ्या झाल्या, मी ओढा म्हणलं, तर दोरावरची माणसं म्हणली, थांबा वहिनी, काम चालू असंल. मी घड्याळ दातात धरलं आन् दोर धरून मीच मागं पळाले. मंग लागली सगळी ओढायला.’’

‘‘आणि आबा?’’

‘‘वर आले. खोकले. पहिलं घड्याळ मागितलं, हातात बांधलं, मंग श्वास घेतला नीट. दरवेळी तसंच. घड्याळ हातात आलं म्हणजे मी जित्ता हाय, म्हणायचे.’’

म्हणून ते निथळत यायचे तेव्हा घड्याळ मनगटावर असायचं. मी बांधावरून पाहिलेलं सगळं खरं होतं आणि त्यातून मी काढलेलं सगळं चूक. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने अशी चूक चाळीस वर्षं करावी!

‘‘मग लोकांना सांगितलं का नाही कधी?’’ मी विचारलं. हाच तर माझा काटा होता.

‘‘दोरावरच्या माणसांना ठाऊक व्हतं, पण बाईच्या शब्दावर दोर ओढला हे ती गावात कशाला सांगतील? मीच म्हणलं व्हतं, सांगा की खरं. तर म्हणले, खरं सांगितलं की लोक म्हणतील, नुसतं काट्याकडंच बघायचंय ना, मंग आमचा माणूस बघंल. मला दुसऱ्याच्या हातात न्हाई द्यायचं. घड्याळाचं नाव व्हतंय तर होऊ दे.’’

जगातली थोर थोर घड्याळं मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत होतो. चौदा सेकंद मोजणाऱ्या त्या माणसापुढे मी मनोमन हात जोडत होतो. आणि एकशे वीस सेकंद, एकदा नाही, शेकडो वेळा मोजणारी बाई मला शाळेत असताना रोज डबा बांधून द्यायची. तिला आकडे येत नव्हते. तिला एक ठिपका पुरला. आणि तो ठिपका मी आज दुपारी, चहा पिता पिता, परक्या माणसाच्या हातून खरवडून काढला होता. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

‘‘काय पाहून राहिलास असा? पुन्हा लावता येतो की,’’ माय म्हणाली आणि उठून आत गेली.

आबा गेल्यापासून तिने कुंकवाला हात लावला नव्हता. देवाची पूजासुद्धा ती फुलावर भागवते. ती देवघरातून करंडा घेऊन आली. मी तिच्याकडे पाहिलं तशी म्हणाली, ‘‘हे कपाळाला न्हाई, काचेला हाय.’’ बोटाने मेण घासून तिने बाराच्या आकड्यावर बारीक ठिपका बसवला. इतका बरोबर की मला मोजून जमला नसता.

मग कोण जाणे का, मी म्हणालो, ‘‘माय, आबा किती वेळ राहायचे ते मला बघायचंय. मी श्वास कोंडतो, तू फेऱ्या बघ.’’

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली, घड्याळ उजव्या हातात डोळ्यांजवळ धरलं आणि काटा ठिपक्याला येईपर्यंत थांबली. ‘‘हं,’’ म्हणाली. मी छाती भरून श्वास घेतला आणि नाक दाबलं. अंगणात बसून, कोरड्या हवेत, काहीही काम न करता. अर्ध्या फेरीतच माझे कान गरम झाले. एक फेरी झाली. डोळ्यांपुढे लाल दिसायला लागलं. मी तिच्याकडे पाहत होतो, ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर काट्यावरून हलत नव्हती, पापणीसुद्धा लवत नव्हती. शंभर माणसांनी हाका मारल्या असत्या तरी तिने मान वळवली नसती, याची मला त्या क्षणी खात्री पटली. सव्वा फेरीला मी हरलो आणि खोकत श्वास सोडला.

सावरल्यावर खाली पाहिलं. मायच्या डाव्या हाताने माझी शर्टाची बाही मुठीत पिळून धरली होती, दोर धरावा तशी. मी श्वास घेतोय हे तिने नीट पाहिलं, घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं, आणि मगच ती मूठ सोडली.